‘खातं तुझंच ना?’

माझ्या मित्राचा धाकटा भाऊ बार्शीकडच्या एका गावातून पुण्यात आला, तेव्हा त्याच्याजवळ बी.कॉम.ची पदवी, टॅलीचं सर्टिफिकेट आणि नऱ्ह्यातल्या एका फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर मिळालेली जागा एवढं होतं. चार महिने त्याने अर्ज केले. जॉब पोर्टलवर केले, लिंक्डइनवर केले, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नोकरीच्या ग्रुपांवर केले. पाचव्या महिन्यात नोकरी लागली. पद ‘पेमेंट प्रोसेसिंग एक्झिक्युटिव्ह’, काम घरून, पगार १८,००० रुपये, वर प्रत्येक व्यवहारामागे २ टक्के इन्सेन्टिव्ह.

मुलाखत फोनवर झाली आणि चांगली अर्धा तास चालली. टॅलीतले प्रश्न विचारले, जीएसटीचे विचारले, ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता’ हेही विचारलं. दुसऱ्या दिवशी ऑफर लेटरची पीडीएफ आली. लोगो, गोल शिक्का, निळ्या शाईतली सही. आईने देवापुढे पेढे ठेवले.

पहिल्या दिवशी एचआर मॅडमनी काम समजावलं. कंपनीचं पुण्यातलं करंट अकाउंट अजून चालू व्हायचंय, कागदपत्रं बँकेत अडकलीत. तोवर क्लायंटचं पेमेंट तुमच्या खात्यात येईल. तुमचे २ टक्के ठेवून बाकीचे आम्ही देऊ त्या व्हेंडरला लगेच पाठवायचे आणि एक्सेलमध्ये नोंद करायची. पहिलं पेमेंट आलं ३८,००० रुपयांचं. त्याने ७६० ठेवले, ३७,२४० पुढे पाठवले. तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, कुणाकडून, कुणाला, असं सगळं त्याने रकान्यांत नीट भरलं. नऊ दिवसांत ४ लाख १२ हजार रुपये त्याच्या खात्यातून गेले. त्याच्या वाट्याला आले ८,२४०.

दहाव्या दिवशी मेसवाल्याला महिन्याचे पैसे पाठवताना व्यवहार होईना. मॅडमचा नंबर बंद होता. ग्रुपमधून त्याला काढून टाकलेलं होतं. वडिलांनी सोयाबीन विकून खोलीच्या डिपॉझिटसाठी पाठवलेले २५,००० रुपयेही त्याच खात्यात होते, तेही अडकले.

बँकेत मी त्याच्याबरोबर गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “खातं तुझंच ना?” दोन दिवसांनी दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा फोन आला, त्यांनीही हेच विचारलं. संध्याकाळी वडिलांनी फोनवर तेच विचारलं. तिघांनाही उत्तर माहीत होतं. पुढचा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही, की बाबा रे, ही नोकरी तुला कुणी दिली?

०००

ही गोष्ट सांगितली की ऐकणारा दोनपैकी एक काहीतरी म्हणतो. ‘अक्कल गहाण ठेवली होती का?’ किंवा ‘लोभ, दुसरं काय!’ पोलिसांच्या पोस्टरवर, बँकेच्या मेसेजमध्ये, बातमीच्या शेवटच्या परिच्छेदातही हाच सूर असतो: आमिषाला बळी पडू नका. माझं भांडण या शब्दाशी आहे. महिना १८,००० रुपये हे पुण्यासारख्या शहरात आमिष कधीपासून झालं? भाडं, मेस आणि बसचा पास भागवून घरी दोन-तीन हजार पाठवता येतील, एवढीच ती रक्कम. घरबसल्या लाख रुपये कमवा, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो तिकडे फिरकलाही नसता. फसवणारे हे जाणतात, म्हणून तर पगार त्यांनी बेताचा ठेवला. या मुलाला लोभाने नेलं नाही. साहेब सांगतील ते काम वेळेत आणि चोख करायचं, ही आपणच त्याला लहानपणापासून दिलेली शिकवण त्याला तिथे घेऊन गेली.

‘पण दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात घ्यायचे, हे विचित्र वाटायला नको?’ असं विचारणाऱ्याने जरा आपल्या आजूबाजूला पाहावं. पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून लोकांचे पैसे गोळा करतो, आपलं कमिशन घेतो, आणि गावात त्याला मान असतो. कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं देणारा पोरगा दिवसभर कंपनीचे पैसे खिशात घेऊन फिरतो आणि रात्री भरणा करतो. किराणा दुकानात क्यूआर कोड चालला नाही तर दुकानदार म्हणतो, ‘पोराच्या नंबरवर टाका.’ दुसऱ्याचे पैसे आपल्या हातून पुढे जाणं हे आपल्याकडे शेकडो इमानदार कामांचं रूप आहे. बी.कॉम. झालेल्या मुलाला ते विचित्र वाटायला हवं होतं म्हणणं सोपं आहे. त्याने जग पाहिलं नव्हतं म्हणून तो फसला, असं नाही. त्याने पाहिलेलं जग असंच होतं.

आता पोस्टरवरच्या सूचना घ्या. कंपनी जीमेलवरून मेल करत असेल तर सावध राहा. मुलाखत व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर सावध राहा. आधी पैसे मागितले तर सावध राहा. ऑफिसचा पत्ता तपासा. या सूचना चुकीच्या नाहीत. पण त्या घेऊन पुण्यातल्या, संभाजीनगरातल्या किंवा ठाण्यातल्या खऱ्या, छोट्या नोकऱ्यांकडे जा. तिथेही मालकाचा मेल जीमेलवरच असतो. मुलाखत व्हॉट्सअ‍ॅप कॉलवरच होते. पहिला महिना ‘ट्रेनिंग’ म्हणून पगार मिळत नाही. कुठे युनिफॉर्मचं डिपॉझिट घेतात, कुठे मूळ मार्कशीट ठेवून घेतात. पगार मालकाच्या किंवा त्याच्या मेव्हण्याच्या खात्यातून जीपेवर येतो. पीएफचं नाव काढायचं नाही. नियुक्तिपत्राचं विचारलं तर ‘आधी काम तर दाखव’ असं ऐकून घ्यायचं.

म्हणजे खोट्या नोकरीची जी लक्षणं आम्ही मुलांना शिकवतो, ती अर्ध्या खऱ्या नोकऱ्यांना लागू पडतात. उलट या मुलाला लेखी ऑफर लेटर देणारी, त्याच्याशी ‘तुम्ही’ म्हणून बोलणारी आणि कामाची नोंद ठेवायला सांगणारी आयुष्यातली पहिली कंपनी खोटी निघाली. खऱ्या नोकऱ्या इतक्या बेकायदा पद्धतीने चालू दिल्या नसत्या, तर खोटीला त्यांच्यात लपायला जागा मिळाली नसती.

०००

चोराला हा मुलगा लागतो कशाला, हे समजून घेतलं पाहिजे. कारण त्यातच सगळी गोम आहे.

कुठेतरी एका निवृत्त बाईंना शेअर ट्रेडिंगचं खोटं अ‍ॅप दाखवून किंवा ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून पैसे काढून घेतलेले असतात. पैसे बँकेतून गेले म्हणजे मागे खूण राहते. बाईंनी लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली तर पैसे ज्या खात्यात गेले ते खातं थांबवता येतं. २०२१ पासून त्यासाठी बँका आणि पोलिसांना जोडणारी यंत्रणा आहे. म्हणून चोराची शर्यत वेळेशी असते. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तुकडे करून पाच-सहा खात्यांत, तिथून एटीएममधून रोख किंवा डॉलरच्या भावाशी बांधलेल्या आभासी चलनात, असे काही तासांत पळवावे लागतात. पोलीस या प्रत्येक टप्प्याला ‘लेयर’ म्हणतात. प्रत्येक लेयरला खऱ्या माणसाचं, खऱ्या आधार-पॅनचं, जुनं आणि स्वच्छ खातं लागतं.

अशी खाती भाड्यानेही मिळतात. काही हजार रुपयांत पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम असा सगळा ‘किट’ विकणारी मुलं कॉलेजांच्या आसपास आहेत. पण भाड्याने खातं देणाऱ्याला माहीत असतं की इथे काहीतरी काळं आहे. तो जास्त पैसे मागतो, कधी आलेली रक्कम स्वतःच काढून पसार होतो. नोकरीला ठेवलेला मुलगा यापेक्षा कितीतरी चांगला. तो विश्वासाने काम करतो. ओटीपी स्वतः टाकतो, फोन त्याचा, सिम त्याचं, लोकेशन त्याचं. बँकेने विचारलंच तर तो न अडखळता सांगतो, ‘कंपनीचं पेमेंट आहे,’ कारण त्याला ते खरंच वाटत असतं. वर तो हिशोबही ठेवतो. या मुलाने मन लावून भरलेली ती एक्सेलची फाइल पुढे तपासात त्याच्याच विरुद्धचा सर्वांत व्यवस्थित पुरावा ठरली.

आणि पकडायची वेळ आली की सापडतो तोच. एचआर मॅडमचा नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावरचा असतो, वेबसाइट चार महिन्यांपूर्वी उघडलेली असते. खरं नाव, खरा पत्ता आणि खरं गाव असलेला साखळीतला माणूस हाच. त्याला पगार देतात तो यासाठी.

०००

हे सगळं कुणाला ठाऊक नव्हतं असं मानायला मी तयार नाही. रिझर्व्ह बँकेने २०१० साली बँकांना पाठवलेल्या परिपत्रकात ‘मनी म्यूल’ची पद्धत स्वच्छ लिहिलेली आहे: खातेदाराला भरती केलं जातं, त्याच्या खात्यात पैसे येतात, कमिशन ठेवून तो ते पुढे पाठवतो. भरती कुठून होते तेही त्यात आहे. स्पॅम मेल, खऱ्याखुऱ्या नोकरीच्या वेबसाइटवरच्या जाहिराती, सोशल नेटवर्किंग, वर्तमानपत्रं. यूपीआय येण्याच्या सहा वर्षं आधीचं हे परिपत्रक आहे. ज्या मुलाला आज ‘तुला कळलं कसं नाही’ असं आपण विचारतो, तो तेव्हा प्राथमिक शाळेत होता. ज्यांना कळलं होतं त्यांनी मधली वर्षं काय केलं?

डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशी खाती शोधणारी एआय प्रणाली सांगितली. तिचं नाव ‘म्यूलहंटर’. म्यूल म्हणजे खेचर. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसेल, पण ते नाव आपली सगळी दृष्टी सांगून जातं. शिकार खेचराची करायची. त्याच्या पाठीवर ओझं कुणी लादलं, ते नंतर पाहू.

जून २०२५ मध्ये सीबीआयने पाच राज्यांत ४२ ठिकाणी झडत्या घेतल्या, तेव्हा पुढे आलेला आकडा होता देशभरातल्या ७०० हून अधिक शाखांत सुमारे साडेआठ लाख म्यूल खाती. काही बँक कर्मचारी, बँक प्रतिनिधी आणि मध्यस्थ यांचं त्यात संगनमत असल्याचं सीबीआयचं म्हणणं होतं. भागाकार करून पाहा. शाखेमागे सरासरी हजार-बाराशे खाती. एका शाखेत असं एक खातं उघडलं गेलं तर नजरचूक म्हणू, दहा उघडली तर हलगर्जी म्हणू. हजाराला काय म्हणायचं? गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले, २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. एवढा पैसा मुलांच्या भोळेपणावर वाहत नाही. त्याला मोठे रस्ते लागतात, आणि ते रस्ते बँकांतून, जाहिराती विकणाऱ्या पोर्टलांतून आणि सिम विकणाऱ्या दुकानांतून जातात. यातल्या किती जणांना कुणी फोन करून विचारलं असेल, ‘शाखा तुमचीच ना? जाहिरात तुमच्याच साइटवर होती ना?’

०००

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. त्या निवृत्त बाईंचे पैसे गेले आहेत. त्यांना या मुलाच्या गरिबीशी काय करायचंय? त्यांच्यासाठी खातं गोठवणं हा पैसे परत मिळण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग आहे, आणि त्यात तासाभराचा उशीरही परवडत नाही. शिवाय ‘मला माहीत नव्हतं’ हे प्रत्येक जण म्हणणार, किट विकणाराही म्हणणार. आणि आपल्या मुलालाही कधीच काही वाटलं नव्हतं असं नाही. पाचव्या दिवशी त्याने मॅडमला विचारलं होतं की व्हेंडर रोज बदलतात का? मॅडम म्हणाल्या, ‘ऑडिट टीमला विचारून सांगते.’ दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याला ‘बेस्ट परफॉर्मर’ म्हणून जाहीर केलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. खोलीचं भाडं पाच तारखेला द्यायचं होतं. हे त्यानेच मला सांगितलं, आणि पोलिसांच्या कागदावर त्या बाईंचं नाव वाचल्यावर तो म्हणाला, “दादा, त्यांचे पैसे पुढे पाठवणारं बोट माझंच होतं ना?”

मी त्याला ‘नाही’ म्हणालो नाही. त्याची चूक शून्य आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती मोजावी. आपला कायदा मोजायला सांगतोच. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी अप्रामाणिक हेतू लागतो. चोरीचा माल घेतल्याच्या गुन्ह्यासाठी तो चोरीचा आहे हे माहीत असावं लागतं, किंवा तसं मानायला कारण असावं लागतं. म्हणजे किट विकणारा, पाचव्या दिवशी गप्प बसलेला आणि शेवटपर्यंत काहीच न कळलेला, हे तिघे वेगळे आहेत. पण खातं गोठवायला नुसता संशय पुरतो, आणि त्या संशयाला अशी मोजपट्टी नसते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना सांगितलं की पोलिसांनी कळवलेल्या वादग्रस्त रकमेपुरतंच खातं गोठवा. हा साधा न्याय आहे. ४ लाख १२ हजारांतलं जे काही खात्यात उरलं असेल ते धरा, त्याचे ८,२४० सुद्धा धरा. सोयाबीनचे २५,००० कुणाला फसवून आलेले नव्हते.

म्हणून मागण्या साध्याच आहेत. वादातली रक्कम गोठवा, अख्खं खातं नको. का गोठवलं, कुणाच्या तक्रारीवरून आणि कुठे दाद मागायची, हे खातेदाराला त्याच्या भाषेत लेखी द्या. ज्याला दुसऱ्या राज्यात जायचं भाडं नाही, त्याचा जबाब जवळच्या पोलीस ठाण्यातून व्हिडिओवर घ्या. ज्या खात्यात महिन्याला चार-पाच हजार येतात, तिथे अचानक चाळीस-चाळीस हजार येऊन दहा मिनिटांत बाहेर पडायला लागले, तर बँकेने दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारावं, दहाव्या दिवशी टाळं ठोकू नये. नोकरीची जाहिरात पैसे घेऊन छापणाऱ्या पोर्टलने ती देणारी कंपनी अस्तित्वात आहे का हे तपासावं, आणि न तपासल्यास नुकसानीत त्याचाही वाटा असावा. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र सक्तीचं केलंय, ते खऱ्या मालकांकडून खरोखर वसूल करा. खऱ्या नोकरीला कागद असला तरच मुलांना खोटा कागद ओळखता येईल.

०००

हे होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही, जे हे फोनवर वाचताय आणि ज्यांच्या दुसऱ्या टॅबमध्ये कदाचित एखादा अर्ज उघडा आहे, एक गोष्ट पक्की धरा. लोगो, मेल, पत्ता, इंग्रजी, यातलं काहीही फसवू शकतं. पैशाची दिशा सहसा फसवत नाही. नोकरीत कंपनीकडून तुमच्या खात्यात पगार येतो आणि तिथे तो तुमचा होतो. जिथे तुमच्या स्वतःच्या खात्यात अनोळखी माणसांचे पैसे येतात आणि तुम्ही ते पुढे पाठवता, ती नोकरी नाही, मग पगार कितीही असो आणि मॅडम कितीही गोड बोलोत. खऱ्या कंपनीला खातं उघडता येत नसेल तर ती कंपनी तुम्हाला पगार कुठून देणार, एवढं एकदा विचारा.

आणि यात आधीच अडकला असाल, तर लाजेने गप्प बसू नका. पुढचं एकही पेमेंट करू नका. ‘चुकून आले, परत पाठवा’ म्हणून ते देतील त्या नंबरवरही पाठवू नका, तो त्यांचाच असतो. चॅट, ऑफर लेटर, जाहिरातीची लिंक, कॉलची यादी, काहीही डिलीट करू नका. आपण फसलो याचा तुमच्याकडे असलेला पुरावा तेवढाच आहे. बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या, १९३० वर फोन करा, पोलीस ठाण्यात स्वतःहून जा. खातं गोठण्याआधी बोललेला माणूस आणि नंतर बोललेला माणूस, यांच्याकडे पाहायची नजर वेगळी असते.

माझ्या मित्राच्या भावाचं खातं अजून गोठलेलंच आहे. तो आता एका गोडाऊनमध्ये बिलिंगचं काम करतो. नोकरी खरी आहे, माल खरा आहे, मालक रोज समोर बसतो. पगार आईच्या खात्यात जमा होतो. रुजू होताना त्याने मालकाकडे नियुक्तिपत्र मागितलं. मालक हसून म्हणाला, “कागद कशाला पाहिजे रे? विश्वास नाही का आमच्यावर?”